वाकलेला पाटकरी : एका चौकातल्या शिल्पाची हकिगत

पांझरेच्या खोऱ्यातल्या एका बाजारगावात बसस्टँडजवळच्या चौकालगत ब्राँझचा एक पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी शेतांत फिरवणारा माणूस, उभा आहे. उभा म्हणणंही तसं चूकच. तो कमरेत वाकलाय, पाय दगडी पाटात, दोन्ही हातांत फावडं आणि मान खाली. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्याचं तोंड दिसत नाही. बघायचं तर पाटाच्या काठावर उकिडवं बसावं लागतं, आणि लहान पोरं सोडली तर तेवढा त्रास कुणी घेत नाही.

हे शिल्प असंच का झालं आणि व्हायला तीन वर्षं का लागली, त्याची ही नोंद. मी तिथल्या हायस्कूलचा निवृत्त चित्रकला शिक्षक. शिल्पासाठी नेमलेल्या समितीवर बिनपगारी सल्लागार होतो, आणि सुरुवातीची सगळ्यात मोठी चूक माझीच होती. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. समितीतली मंडळी अजून एकमेकांशी बोलतात, ती बोलत राहावीत.

यादी

२०२२ साल. चौकाच्या मधोमध एक गोल होता आणि त्या गोलात कारंजं. दोन पंधरा ऑगस्ट चाललं, मग मोटार जळाली. टाकीत पावसाचं पाणी, गुटख्याच्या पुड्या आणि सायकलचं एक वाकडं चाक एवढं उरलं. पालिकेने सुशोभीकरणाचा ठराव केला आणि त्यात ‘स्थानिक वारसा दर्शविणारे शिल्प’ असे शब्द पडले. ते कुणी घातले हे पुढे कुणालाच आठवेना. पण एकदा कागदावर आले म्हटल्यावर त्यांचा अर्थ लावणं आलं.

पहिल्या बैठकीत एकाने बैलजोडी सुचवली. दुसऱ्याने केळीचा घड. त्याला जागच्या जागी उत्तर मिळालं, केळी रावेर-यावलची, त्यांची पाटी आपण कशाला लावायची? एका शिक्षिकेने जात्यावर बसलेल्या बहिणाबाई सुचवल्या. त्या आसोद्याच्या, जळगाववाल्यांनी कराव्यात, असं म्हणून तोही विषय मिटवला. बाहेर गेलो की आपण सगळे खानदेशी, आत आलो की पूर्व आणि पश्चिम. इंग्रजांनी १९०६ साली जिल्हा दोन तुकड्यांत वाटला, त्याचा हिशेब आम्ही अजून चुकता करतोय. एका तरुण नगरसेवकाला ‘आय लव्ह’ आणि पुढे गावाचं नाव, अशी लाल बदाम असलेली अक्षरं हवी होती. रात्री दिवे लागतात, लोक सेल्फी काढतात. त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं, लोक खरंच काढतात. आणि अश्वारूढ पुतळा तर प्रत्येक बैठकीत निघायचाच. त्याला विरोध कोण करणार? पण तो गावाच्या दुसऱ्या टोकाला आधीपासून होता.

मी नंदुरबारचं उदाहरण दिलं. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथे मिरवणुकीवर गोळीबार झाला, शाळकरी शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती गेले. त्या शहरात त्यांचं स्मारक का, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मग मी विचारलं, आपल्या गावात असं काय घडलं?

सगळे गप्प. शेवटी नाना बोलले. नाना म्हणजे शेजारच्या खेड्याचे माजी सरपंच, वय ऐंशीच्या घरात. ते म्हणाले, “आपल्याकडे घडलं काही नाही. आपल्याकडे पाणी वाटलं.”

फड

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण यातूनच निघतं.

पांझरा आणि मोसम या नद्यांवर, म्हणजे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, फड पद्धतीचं सिंचन तीन-चारशे वर्षांपासून चालत आलं असं मानतात. नदीला आडवा दगडी बंधारा घालायचा. पाणी साठवायला नव्हे, वळवायला. बंधाऱ्याच्या एका अंगाने पाट निघतो, जमिनीचा उतार धरून दोन किलोमीटरपासून दहा-बारा किलोमीटरपर्यंत जातो. पाटातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात पाणी. जादा झालेलं पाणी सांडव्यातून परत नदीला. इंजिन नाही, मोट नाही, सगळं उताराच्या भरवशावर.

यात चमत्कार बांधकामाचा नाही, वाटणीचा आहे. पाटाखालच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेले असत, त्या तुकड्याला फड म्हणायचं. एका फडात एका हंगामाला एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू-हरभरा, तिसऱ्यात भुसार, आणि पुढच्या वर्षी पाळी बदलायची. शेतकऱ्याची जमीन बहुधा वेगवेगळ्या फडांत विखुरलेली. नदीला पाणी कमी आलं तर एखादा फड त्या वर्षी कोरडा ठेवायचा, म्हणजे तोटा एकाच्याच माथी न बसता सगळ्यांमध्ये वाटला जातो. आज अशा वाटपावर परिसंवाद भरतात. इथे पंच झाडाखाली बसून ठरवत.

आणि ठरलेलं राबवायला माणसं होती. पाटकरी पाणी फिरवायचा. त्याच्यावर देखरेखीला हवालदार. उभ्या पिकाची राखण जागल्याकडे. शेतकऱ्याने स्वतः बारं, म्हणजे शेतात पाणी सोडायचं तोंड, फोडायचं नाही, स्वतःच्याच शेताचं असलं तरी. नियमाचं मर्म इथे आहे. पाण्याला हात लावायचा अधिकार ज्याचं त्यात काही नाही त्यालाच.

विश्वेश्वरय्यांनाही हे पाणी ठाऊक होतं. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागल्यावर सुरुवातीच्या दिवसांत धुळ्याजवळ पांझरेत पाटाच्या पाण्यासाठी नळाचा सायफन बसवायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. नानांनी हे सांगितल्यावर एक सदस्य लगेच म्हणाले, मग विश्वेश्वरय्यांचाच पुतळा करू, नाव मोठं आहे. आम्ही हसलो. पण तिथे माझ्या लक्षात आलं की आपल्याला वारसा म्हटलं की आधी नाव लागतं, चेहरा लागतो, मग काम.

आता फड मोडले आहेत असं म्हटलं तरी चालेल. वरच्या अंगाला धरणं झाली, नदी बारमाही राहिली नाही, ज्याच्या त्याच्या विहिरीवर मोटार आली. काही बंधारे शाबूत आहेत, काही पाटांवर अतिक्रमण आहे. जुना पाटकरी बघायचा असेल तर शोधावा लागतो.

माझी चूक

विषय ठरला आणि पहिलं रेखाटन मी करून दिलं. हौसच होती. पाटकरी ताठ उभा, छाती पुढे, फावडं खांद्यावर, नजर क्षितिजाकडे. एक पाय जरा उंच ढेकळावर. समितीला फार आवडलं. अध्यक्ष म्हणाले, सर, एकदम जिवंत.

शिल्पकार तरुण होता, आमच्याच जिल्ह्यातला. राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे, त्यामुळे इथे मूर्तिकामाकडे वळणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा तरी ‘दुसरा राम सुतार होणार का रे?’ हे ऐकावं लागतं. सुतारांनी १८२ मीटरचे सरदार पटेल केले. आमच्याकडे सात फुटांच्या वर पैसे नव्हते.

त्याने माझ्या रेखाटनावरून शाडूचा दोन फुटी नमुना केला. एप्रिल महिना, पत्र्याची शेड. माती तडकू नये म्हणून दर दोन तासांनी ओलं गोणपाट टाकून वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. नमुना बघायला नाना एका म्हाताऱ्याला घेऊन आले. सगळे त्याला आप्पा म्हणत. तरुणपणी पाटकरी, बाप पाटकरी, आजाही पाटकरीच. आप्पा शेडमध्ये आले, चपला बाहेर काढल्या, नमुन्याभोवती एक फेरी मारली आणि अहिराणीत म्हणाले,

“याना पाय कोठे शेतस?”

पाय तर होते. घोट्यापर्यंत नीट कोरलेले. शिल्पकाराने दाखवले.

“पानीमा नहीत.” मग माझ्याकडे वळून, “हाऊ पानी नही भरी ऱ्हायना, भो. हाऊ फोटो काढी ऱ्हायना.”

तीस वर्षं मी मुलांना निरीक्षण करा म्हणून सांगत आलो. मी माझ्या मामाच्या मळ्यात बारे देणारी माणसं लहानपणी रोज पाहिलेली. तरी कागदावर काढताना हातातून उतरला तो शाळेच्या भिंतीवरच्या चित्रातला शेतकरी.

आप्पांनी कोपऱ्यातलं सिमेंट कालवायचं फावडं उचललं, धोतर वर खोचलं आणि शेडच्या मातीत करून दाखवलं. फावडं खांद्यावर फक्त जाता-येताना. काम करताना दांड्याचा वरचा हात सैल, खालचा घट्ट. पातं पुढे टाकायचं आणि माती आपल्याकडे ओढायची, म्हणजे चालू बाऱ्याचं तोंड बंद होतं. पण नुसत्या मातीने ते बंद होत नाही, पाणी कडेने झिरपतं. म्हणून ओढलेल्या ढेकळावर लगेच डावी टाच दाबायची. टाच दाबलेली असतानाच उजवीकडच्या बाऱ्याला पात्याच्या कोपऱ्याने चीर द्यायची. पाणी आधी थबकतं, मग वळतं. हे सगळं रात्री, कंदिलाच्या उजेडात, थंडीच्या दिवसांत गव्हाच्या पाळीला. आणि अंगठा? शिल्पकाराने विचारलं. आप्पांनी पाय उचलून दाखवला. डाव्या पायाचा अंगठा बाकीच्या बोटांपासून चांगला दोन बोटं फाकलेला. आयुष्यभर टाच दाबून पाऊल तसं झालेलं.

मान खाली का, हेही त्यांनीच सांगितलं. “पानीकडे देखनं पडस. मानसेसकडे देखत बठा का बारं फुटनंच समज.”

शिल्पकाराने त्याच रात्री नमुना मोडला.

चेहरा

नवा नमुना समितीसमोर आला तेव्हा पहिला प्रश्न: चेहरा कुठाय?

याआधी तीन बैठका आम्ही चेहऱ्यावरच घालवल्या होत्या. म्हणजे बोलायचं चेहऱ्याबद्दल, पण वाद डोक्यावर काय असावं याचा. पागोटं म्हटलं की कोणत्या बांधणीचं, आणि बांधणी ठरली की कोणत्या समाजाचं हे गावाला सांगावं लागत नाही. पांढरी टोपी म्हटलं तर तो जमीनवाला झाला. डोक्याला टॉवेल गुंडाळला तर तो मजूर. एका घराण्याचं म्हणणं, फड आमच्या आज्या-पणज्यांनी सांभाळले, पाणी फिरवणारा हा गावचा गडी होता, चौकात गड्याचा पुतळा कोण लावतं? दुसरीकडे पाटकऱ्यांच्या वाड्यातली पोरं म्हणत होती, आमचा माणूस लावताय तर नीट लावा, नंतर त्याला फेटा बांधून पाटील करू नका. दोन्ही बाजूंना आपण काय बोलतोय हे पक्कं माहीत होतं. इतिवृत्तात मात्र ‘वेशभूषेबाबत चर्चा झाली’ एवढंच आहे.

नानांनी त्या घराण्यातल्या माणसाला एवढंच म्हटलं की पंचांचे फोटो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर आहेतच.

वाकलेल्या नमुन्याने हा गुंता आपोआप सोडवला. मान खाली, डोक्याला टॉवेल, टॉवेलचं टोक गालावर आलेलं. रस्त्यावरून फक्त पाठ, हात आणि फावडं. कुणाचं नाक कुणासारखं, हा विषयच उरला नाही. हे आम्ही ठरवून केलं नाही. आप्पांनी उभं राहायची रीत दाखवली, बाकी त्यातून निघालं. तरी अध्यक्षांना रुखरुख होती. उद्घाटनाला येणारे हार कुठे घालणार? प्रश्न रास्त होता, पुढे कळलंच.

“बाया कुठे आहेत?” हा प्रश्न बचत गटाच्या एका ताईंनी विचारला आणि त्याचं उत्तर आम्ही देऊ शकलो नाही. उसाच्या फडात निंदणी-खुरपणीला बायाच होत्या. दुसऱ्या आकृतीचे पैसे नव्हते. काठावर खुरपं आणि डालकी ठेवू, असं ठरलं. ते काही उत्तर नव्हे, हे त्यांनाही कळलं आणि मलाही. डालकी झाली, खुरपं मात्र बसवल्यावर तिसऱ्या महिन्यात कुणीतरी कापून नेलं.

कागद आणि जागा

महाराष्ट्रात सार्वजनिक जागी पुतळा उभारायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पोलिसांचा कायदा-सुव्यवस्थेचा अभिप्राय लागतो, जागेच्या मालकीचे कागद लागतात, आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागते. हे नियम थोर पुरुषांच्या पुतळ्यांसाठी लिहिलेले. आमचा अर्ज घेणाऱ्या कारकुनाने विचारलं, व्यक्तीचं पूर्ण नाव? आम्ही म्हटलं, नाही. मग वंशजांची हरकत आहे की नाही हे कसं कळणार? तो थट्टा करत नव्हता, त्याच्यासमोर रकाना होता. शेवटी ‘पाटकरी (प्रातिनिधिक)’ असं लिहिलं. परवानगीची गरज आहे की नाही यावर दोन कार्यालयांची दोन मतं होती. आम्ही घेऊन टाकली. नंतर कुणी काढायला लावण्यापेक्षा आधी सहा महिने चपला झिजवणं बरं.

जागेचं मात्र मोठं निघालं. सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ च्या आदेशात रस्ते, पदपथ आणि इतर सार्वजनिक वापराच्या जागांवर पुतळे उभारायला राज्यांनी परवानगी देऊ नये असं म्हटलं आहे. चौकातला गोल म्हणजे रस्ताच. आमचा सगळा आराखडा त्या गोलासाठी होता, चबुतऱ्याचं अंदाजपत्रकसुद्धा झालेलं. ते बाद झालं त्या दिवशी समितीतले दोघं उठून गेले.

पर्यायी जागा निघाली ती जुन्या जकात नाक्याची. चौकाला लागून, रस्त्याच्या हद्दीबाहेर, पालिकेच्या मालकीची. खोली पडलेली, पुढे एक कडुलिंब. जकात जाऊन जमाना झाला, नाक्याचं नाव तेवढं राहिलं होतं. मी सुरुवातीला नाराज होतो. मग एका दुपारी तिथे जाऊन बसलो. बाजाराच्या दिवशी खेड्यांतून आलेली माणसं याच कडुलिंबाखाली एसटीची वाट बघत बसतात. गोलात शिल्प असतं तर त्याच्याभोवती ट्रक फिरले असते. इथे माणसं त्याच्या शेजारी बसणार होती. चबुतरा मग रद्दच केला. पाटात उभा राहणारा माणूस ओट्यावर चढवायचा कसा? जमिनीच्या पातळीला काळ्या दगडाचा बारा फुटांचा पाट, आणि त्यात तो.

हे डोकं आमचं होतं असं सांगायला आवडलं असतं. न्यायालयाच्या आदेशाने ढकललं म्हणून आम्ही बरोबर जागी जाऊन पडलो.

धातू

ठेकेदाराचं म्हणणं होतं, फायबर घ्या, वरून ब्राँझचा रंग मारू, चौथ्या हिश्श्यात होतं, लांबून कुणाला कळतंय? लांबून खरंच कळत नाही. पण आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात जातो. उन्हाने वरचा रंग पांढुरका पडतो, रेझिनची भुकटी सुटायला लागते, आतले काचतंतू उघडे पडतात. मग दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी सोनेरी ऑइलपेंटचा डबा घेऊन येतो आणि दर वेळी नाकाचा आकार थोडा बुजतो. असे पुतळे तुम्हीही पाहिले असतील.

ब्राँझची भट्टी किलोवर भाव सांगते. पैसे कमी पडले तेव्हा नानांनी गावोगाव सांगितलं की घरातली तांब्या-पितळेची भांडी द्या, माणूस आपल्या घरच्या धातूचा होईल. लोकांनी दिली. जकात नाक्यात हंडे, घागरी, फुटके बंब, परातींचा ढीग लागला. एका घागरीच्या काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, लग्नात कुणी कुणाला दिली ते, आणि खाली साल. देणाऱ्या बाईंनी ती ढिगावर टाकली नाही, माझ्या हातात दिली.

भट्टीवाल्याने सगळं बघितलं आणि मान हलवली. ओतकामाला तो गनमेटल वापरतो: पंच्याऐंशी टक्के तांबं, आणि कथील, शिसं, जस्त पाच-पाच टक्के. घरच्या पितळेत जस्त कितीही असतं, प्रत्येक भांड्यात वेगळं. कल्हईचं कथील, डागाचं शिसं, ते निराळंच. असा रस साच्यात नीट धावेलच याची खात्री नाही, छिद्रं पडतात, वेल्डिंगच्या जागी रंग वेगळा दिसतो. तो भांडी घ्यायला तयार होता, पण मोडीच्या भावाने. तसं केलं आणि पैसे वापरले. गावाला हे सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. अजूनही लोक त्या पाठीकडे बोट दाखवून म्हणतात, ह्यात आमचा हंडा आहे. ती घागर मात्र मी मोडीत दिली नाही. वजनाचे पैसे माझ्या खिशातून भरले. ती माझ्याकडे आहे.

बाकीची कृती नेहमीची. मातीवरून प्लॅस्टरचा साचा, त्यावरून फायबरची प्रत, तिच्यावरून मेणाची पोकळ प्रत. मेणावर लेप चढवून भट्टीत घातलं की मेण वितळून निघून जातं, पोकळीत सुमारे अकराशे अंशांचा रस ओततात. आमचा माणूस अनेक तुकड्यांत ओतला आणि मग जोडला. डाव्या पायाचा फाकलेला अंगठा पहिल्यांदा नीट उतरला नाही, रस तिथवर पोचायच्या आत गोठला. तेवढं पाऊल शिल्पकाराने परत ओतून घेतलं, स्वतःच्या खर्चाने. कुणी मागितलं नव्हतं.

मधल्या काळात मालवणची घटना झाली. राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालेला शिवाजी महाराजांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. गंज, चुकीचं वेल्डिंग, कमकुवत सांगाडा अशी कारणं पुढे आली. दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडे सगळं काम थांबवून पुन्हा स्थापत्य अभियंत्याचा दाखला मागवला गेला. चार महिने गेले, चरफडलो. पण त्या अभियंत्याने विचारलेला प्रश्न आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलाच नव्हता. ताठ माणसाचं वजन पायांवर सरळ उतरतं. हा पुढे झुकलेला, शिवाय फावडं पुढे. सगळा ताण घोट्यांवर. त्याने आतला सांगाडा साध्या लोखंडाऐवजी स्टेनलेस स्टीलचा करायला लावला आणि तो दोन्ही पायांतून खालच्या काँक्रीटमध्ये उतरवला. फावड्याचं पातंही दगडात बसवलं, म्हणजे तिसरा टेकू. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, आम्हीपण दमलो का फावड्यावरच टेकायचो.

नंतर

उद्घाटनाचं थोडक्यात सांगतो. पाहुण्यांनी हार घातला, तो मानेवरून घसरून पाटात पडला. परत घातला, परत पडला. तिसऱ्यांदा कुणीतरी शहाणपणाने फावड्याच्या दांड्याला अडकवला. भाषणं झाली. आप्पांना स्टेजवर बोलावलं होतं, पण ते कडुलिंबाखालीच बसून राहिले, आणि गर्दी पांगल्यावर जवळ जाऊन पायाशी बसून टाच बघून आले. बरी आहे का, मी विचारलं. बरी शे, म्हणाले. इतकंच.

पाटात पाणी खेळवायचं हा माझा हट्ट होता आणि तो फसला. छोटा पंप, टाकी, फिरतं पाणी. पंधरा दिवसांत पाटात चहाचे कप, केळीची सालं आणि पानाच्या पिचकाऱ्या. पालिकेचा माणूस जाळी साफ करून करून कंटाळला, मग डासांची तक्रार आली आणि पंप बंद झाला. कारंज्याची पुनरावृत्ती मीच केली. आता पाट वर्षातले आठ महिने कोरडा असतो. त्यात बाजारच्या दिवशी भाजीवाल्या पिशव्या ठेवतात.

पावसात मात्र वेगळं होतं, कारण दगड बसवताना शिल्पकाराने उतार काटेकोर काढला होता. नाक्याच्या पत्र्यावरचं पाणी पागोळ्यांनी पाटात पडतं, पाटकऱ्याच्या घोट्यांना वळसा घालून फावड्याच्या पात्याला आडतं आणि उजवीकडच्या खाचेतून कडुलिंबाच्या आळ्यात जातं. गेल्या जुलैत शाळा सुटल्यावर तीन पोरं तिथे चिखल आणून ती खाच बुजवत होती, पाणी चढलं की फोडत होती. एक ओरडत होता, अरे टाच दे, टाच. त्याला हे कुणी शिकवलं मला माहीत नाही. कदाचित पुतळा बघूनच.

एक गोष्ट अजून अर्धी आहे. आमचं ठरलं होतं की पाटाच्या काठावर पितळी पाटी लावायची, तिच्यावर आजूबाजूच्या फडांवरच्या जेवढ्या पाटकऱ्यांची, हवालदारांची आणि जागल्यांची नावं मिळतील तेवढी. नानांनी जुन्या वह्यांतून यादी काढली. मग गोंधळ सुरू झाला. वह्यांत पंचांची नावं बापासकट, आडनावासकट. पाटकऱ्यांची नुसती टोपणनावं, काही ठिकाणी तीही नाहीत, ‘पाटकरी इसम १’ एवढंच. जागल्यांच्या घरच्या काही पोरांना आजोबांचं नाव तिथे नको आहे. ते काम आनंदाने केलेलं नव्हतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला पटतं. दुसऱ्यांना नाव हवंच आहे, पूर्ण आडनावासह. एका घराण्याला पंचांचीही नावं वरती हवी आहेत. नाना गेल्या हिवाळ्यात गेले. यादीची वही आता माझ्याकडे, त्या घागरीत ठेवलेली.

पाटीसाठी दगडात चार भोकं पाडून त्यांत बोल्ट बसवले होते, ते तसेच आहेत. शेजारी लिंबू-सरबताची गाडी लावणारा त्यांतल्या दोन बोल्टांना दोरी बांधून आपली ओली फडकी वाळत घालतो. पालिकेने एकदा त्याला हटकलं. तो म्हणाला, पाटी लावा, मी काढतो.